तीन कुलपांचं दार

नगरपालिकेच्या बाई तीनला येणार होत्या. त्या पावणेतीनलाच आल्या आणि धाकटीनं बंद दाराकडे पाहिलं.

सरकारी माणूस वेळेआधी येतो हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि ते नेमकं आजच व्हायचं होतं. ठरलं होतं ते असं की तिघा भावंडांनी दोनला जमायचं, दारावरचं आपापलं कुलूप काढून पिशवीत टाकायचं, आत झाडू फिरवायचा, आणि बाई येतील तेव्हा दार सताड उघडं असायला हवं. ताई दीडपासून समोरच्या फुटपाथवर, आपल्या किल्ल्यांच्या टपरीत, तेच ते फडकं घेऊन हात पुसत उभी होती. धाकटी ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. ऐंशी ओलांडलेल्या आत्याला पायरीशेजारी खुर्चीवर आणून बसवलं होतं. पत्ता नव्हता तो फक्त मधल्याचा. तो आल्याशिवाय ताई आपलं कुलूप काढणार नव्हती, आणि ताईनं काढल्याशिवाय तो आपलं काढणार नव्हता. बाबा गेल्यापासून सहा वर्षं न सुटलेला हा पेच पाऊण तासात सुटेल असं मानणारी धाकटी एकटीच होती. घरात तिला उगाच भोळी म्हणत नसत.

बाईंनी चष्मा वर केला आणि दार वरपासून खालपर्यंत पाहिलं. जाड लाकडी दार, त्यात बाबांनी स्वतः बसवलेलं मूळ कुलूप, आणि त्याच्या खाली एकाखाली एक तीन कडी-कोयंडे. प्रत्येकात एक कुलूप.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"दार," आत्या म्हणाली.

आत्याला सगळा बाजार 'कानस' म्हणायचा. चाळीस वर्षं ती ह्याच इमारतीत किल्ल्यांना कानस मारत बसली होती, आणि तिच्या जिभेचं कामही साधारण तेच होतं.

"दार दिसतंय, आजी. त्याच्यावर तीन कुलपं का आहेत?"

"आमचा धंदाच कुलपांचा. दुसऱ्या घरांत भावंडं भांडली की कोर्टात जातात. आमच्यात कुलूप लावतात."

धाकटीनं डोळे मिटून घेतले. बाईंनी काखोटीची फाईल उघडली आणि पान उलटलं.

"रकाना सात. 'इमारतीचा ताबा निर्विवाद आहे.' इथं तुम्ही 'होय' लिहिलंय. हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच," धाकटी म्हणाली. लिहिताना ते खरं वाटलं होतं. म्हणजे, अर्ज भरून होईपर्यंत ते खरं होईल असं वाटलं होतं.

जुना बाजार गेल्या पंधरा वर्षांत ओस पडत गेला होता. नव्या भागात मोठी दुकानं निघाली, गिऱ्हाईक तिकडे वळलं, आणि इथे एकामागून एक फळ्या बंद झाल्या. मग सरकारनं अनुदान काढलं. रिकाम्या इमारती दुरुस्त करायला सरकारनं मदत द्यायची, बदल्यात मालकांनी तळमजला पंधरा वर्षं लोकांसाठी खुला ठेवायचा. धाकटीनं अर्जात लिहिलं होतं 'दुरुस्तीघर'. ज्याचं जे मोडलं असेल ते त्यानं घेऊन यावं, बाकावर बसावं, हत्यार हातात घ्यावं आणि शिकून नीट करावं. शिकवायला ताई. वरच्या मजल्यावर वाचायची खोली आणि चार माणसांना जमायला जागा. पहिल्या यादीत नाव लागलं त्या दिवशी ताईनं टपरी तासभर आधी बंद केली होती. योजनेचं हे शेवटचं वर्ष होतं. आज 'वादग्रस्त' असा एक शब्द पडला, की इमारत यादीतून बाहेर, आणि पुढच्या वर्षी ही सगळी ओळ पाडून गाड्या लावायला मोकळी जागा करायचं आधीच बोललं जात होतं.

"फोटो दर्शनी दाराचा लागतो," बाई म्हणाल्या. "तो मी शेवटी काढते. तीनपर्यंत थांबते. तीनचीच वेळ दिली होती."

बाई वाईट नव्हत्या. फक्त नियमाच्या पक्क्या होत्या.

*

मधला कुठेही गेला नव्हता. तो सगळ्यांच्या आधी, सव्वा वाजता आला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी आपल्या गाडीत बसून होता. गाडीवर मोठ्या अक्षरांत त्याच्या शटरच्या कारखान्याचं नाव होतं. शेजारी त्याची मुलगी. तिनं पाणी पिऊन झालं, फोन बघून झाला, खिडकीची काच वरखाली करून झाली.

"बाबा, त्या बाई आल्या."

"डोळे आहेत मला."

त्याच्या मांडीवर नकाशा होता. दुरुस्तीघराचा नकाशा आपल्याच मुलीनं काढलाय हे त्याला गेल्या आठवड्यात कळलं. घरभेदी, असं तो तिला म्हणाला होता आणि मग दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. पण नकाशा त्यानं परतही दिला नव्हता. कार्यशाळेत चार बाकं, त्यांवर लोखंड आवळून धरायचे चार वाइस, अगदी होते तिथेच दाखवलेले. प्रत्येकाशेजारी तिनं पेन्सिलीनं बारीक अक्षरांत नाव घातलं होतं. ताईचं, आत्याचं, आणि एकावर 'मी'. खिडकीजवळच्या वाइसपाशी लिहिलं होतं, 'बाबा'.

"खिडकीजवळचा तुझ्या आजोबांचा होता," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तुझं नाव लिहिलं."

"मला त्या बाकावर कुणी बसवलं नाही."

हे तो इतक्या हळू बोलला की मुलीला वाटलं आपल्याशी नाहीच. आणि एका अर्थी तो तिच्याशी बोलत नव्हताच. ह्या घराची एक रीत होती. एकानं केलेलं कुलूप दुसऱ्यानं पारखल्याशिवाय दुकानातून जायचं नाही. किल्ली द्यायची नाही, दोन तारा द्यायच्या आणि अर्धा तास. उघडलं, तर कुलूप परत वाइसमध्ये. नाही उघडलं, तर त्याच्यावर घराचा ठसा, एक छोटी तिनपाकळी. ताईला तो ठसा एकोणिसाव्या वर्षी मिळाला. मधल्यानं सतरा कुलपं केली, सतराही बाबांनी उघडली. सतरावं अकरा मिनिटांत. "हात चांगला आहे, घाई नडते," असं म्हणून बाबांनी ते पुढे सरकवलं आणि चष्मा पुसायला घेतला. मधला उठला तो थेट शटरच्या धंद्यात जाऊन बसला. पैसा मिळाला, माणसं हाताखाली आली, आणि तरी बाजारात कुणी 'कुलपवाले' म्हटलं की मान आपोआप वळायची, मग लक्षात यायचं की आपल्याला नाही म्हणाले.

"बाबा, दहा मिनिटं राहिली," मुलगी म्हणाली. ह्या वेळी तिचा आवाज जरा फाटला होता.

तो उतरला. नकाशा घडी करून खिशात घातला.

*

"आलास," ताई म्हणाली. सहा वर्षांत हा पहिला शब्द होता.

"आलो." त्यानं बाईंना नमस्कार केला. "सही कुठं करायची? मी आत्ता करतो. मी इमारत विकायला निघालोय असं कुणी सांगितलं असेल, तर ते खोटं आहे."

"सहीचं नंतर," बाई म्हणाल्या. "आधी दार उघडा."

"ज्यानं आधी लावलं त्यानं आधी काढावं."

"मी हत्यारं जपायला लावलं," ताई म्हणाली. "बाबांच्या कानशी, ऐरण, सगळं आत होतं. दार उघडं टाकून जायचं होतं का?"

"मला सांगायचं होतंस. एक किल्ली करून द्यायची होतीस. तुला किल्ली करायला दहा मिनिटं लागतात."

"आणि तुला मागायला किती लागली असती?"

तो दाराकडे बघत राहिला. समोरच्या केशकर्तनालयातला कारागीर अर्धी दाढी तशीच सोडून दारात येऊन उभा राहिला होता. गिऱ्हाईकही साबणासकट मागे आलं होतं.

धाकटीला आता राहवलं नाही. ती पुढे झाली, सगळ्यात खालचं कुलूप तिनं उघडलं आणि पर्समध्ये टाकलं. "हे घ्या. माझं काढलं. आता तुम्ही दोघं बघा."

"तुझं होतं काय आणि काढलं काय," आत्या म्हणाली. "कुलपवाल्यांच्या दारावर बाजारातून विकत आणलेलं कुलूप. तुझा बाप असता तर खाली मान घालून मागच्या दारानं गेला असता."

धाकटीलाही हसू आलं, पण बाकी कुणी हसलं नाही. बाईंनी पेनचं टोपण काढलं.

"बघा, मी भांडण लावायला आले नाही. पण मी जे दिसतं ते लिहिते. दोन कुलपं, दोन माणसं, आणि कुणीच आधी काढायला तयार नाही. माझ्या कार्यालयात ह्याला वाद म्हणतात."

"ताई, इकडे ये," आत्या म्हणाली. "माझ्यासमोर उभी राहा. खरं बोलायचं. ह्याचं कुलूप उघडायला तू किती वेळा आलीस?"

ताईच्या हातातलं फडकं थांबलं.

आत्या तिच्याकडेच राहायची, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण हे इथं, सगळ्यांसमोर, फाईल उघडून उभ्या असलेल्या बाईंसमोर विचारावं? होय म्हणावं तर भावाच्या कुलपाला हात घातल्याची कबुली. ती एक वेळ दिलीही असती. पण त्याच्या पुढचं जे होतं, ते तिनं स्वतःशीसुद्धा कधी नीट कबूल केलं नव्हतं. ह्या बाजारात तिच्या हाताला तोड नाही असं सगळे म्हणत. बाबाही म्हणत. सहा वर्षं त्या फुटपाथवर, ऊन खात, पत्र्याच्या टपरीत ती त्याच एका गोष्टीवर ताठ मानेनं बसली होती. समोरच्या दाराकडे बघत बसली होती. ते दार आज उघडलं नाही, तर पुन्हा कधीच उघडणार नव्हतं.

"पाच वेळा," ती म्हणाली.

मधल्यानं मान वळवली.

"सकाळी, बाजार उघडायच्या आधी. तारा घेऊन आले. पाचही वेळा नाही उघडलं." तिनं आता सरळ भावाकडे पाहिलं. "शेवटच्या वेळी दोन तास बसले. नाही उघडलं."

मधल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याची मुलगी त्याच्याकडे बघत होती आणि तिला वाटलं, हा आता रडतो की काय. पण तो कारागीर होता, त्याला आधी दुसरंच विचारायचं होतं.

"कुठं अडकलीस?"

"तिसरी लिव्हर वर घेतली की चौथी खाली बसते. तिसरी उलटी बसवलीयस ना?"

"तिसरी सरळ आहे. चौथी खोटी आहे. तिचा काही उपयोगच नाही. ती फक्त तारेला नादी लावते."

"खोटी लिव्हर," ताई म्हणाली. तिनं डोळे बारीक केले, कुलपातल्या पट्ट्या उचलाव्यात तशी हवेतच दोन बोटं फिरवून पाहिली, आणि मग ती मोठ्यानं हसली. "दोन तास मी त्या खोट्या लिव्हरशी भांडत बसले होते होय रे?"

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही एकमेकांची कुलपं फोडता?"

"फोडत नाही, पारखतो," आत्या म्हणाली. "फोडायला काय, दगडही चालतो."

मधला आता पायरीवर आला होता. "तुझं मी उघडलं होतं, ताई."

"माहीत आहे. बारीक ओरखडा दिसला मला. वर्षातून एकदा नवा असतो. उघडून परत लावतोस." तिनं आपल्या कुलपाकडे पाहिलं. "म्हणजे माझा ठसा गेला म्हणायचा."

"पहिल्यांदा सव्वा तास लागला. मुदत अर्ध्या तासाची." त्यानं खिशातून किल्ली काढली. "तुझा ठसा पक्का आहे."

आणि त्यानं आपलं कुलूप उघडलं. आधी त्यानं. ताईनं दुसऱ्याच क्षणी आपलं उघडलं, इतक्या लगोलग की आधी कोण ह्यावर पुढे कधी वाद झाला नाही, आणि वाद होऊ नये अशा गोष्टी ह्या घरात फार नाहीत.

"थांबा," आत्या म्हणाली. "आत जायच्या आधी ते काम उरका."

तिनं मांडीवरची पिशवी उघडली आणि कापडात गुंडाळलेली, बोटाएवढी पोलादी कांडी बाहेर काढली. तिच्या टोकाला तिनपाकळी होती.

"हा ठसा तुझ्याकडे होता?" ताई आणि मधला एकदमच म्हणाले. सहा वर्षं दोघं मनातून धरून चालले होते की तो दुसऱ्यानं ढापलाय.

"मला कुणी विचारलं नाही," आत्या म्हणाली.

हरलेल्यानं ठोकायचा, ही रीत. ताईनं मधल्याचं कुलूप पायरीच्या दगडावर ठेवलं, ठसा धरला. हातोडी केशकर्तनालयाशेजारच्या सायकलवाल्यानं न मागता आणून दिली. तिनं एकच घाव घातला. आवाज ओस पडलेल्या रस्त्यावर शेवटपर्यंत गेला आणि दोन-चार माणसं आणखी बाहेर आली. ताईनं कुलूप फुंकून पुसलं आणि भावाच्या हातात दिलं. तो त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिला. चोपन्न वर्षांचा, चाळीस माणसांना पगार देणारा बाप्या, आणि त्याच्या अंगठ्याला ती तिनपाकळी सोडवेना.

"अठरावं," तो म्हणाला.

"बाबांनाही उघडलं नसतं," ताई म्हणाली. "मी सांगते."

*

दारातल्या मूळ कुलपाची किल्ली आत्याकडे होती. ताईनं खांदा लावून दार ढकललं आणि मनाची तयारी केली. सहा वर्षांची धूळ, गंजलेले वाइस, उंदरांनी कुरतडलेली खोकी, हे सगळं तिनं मनातल्या मनात इतक्या वेळा पाहिलं होतं की आता ते बघायचंच बाकी होतं.

धूळ होती. जळमटंही होती. पण चारही वाइसवर कापडं घातलेली होती. ताईनं आपल्या बाकावरचं कापड उचललं. खाली लोखंड काळंशार, तेलानं चमकत होतं. तिनं दांडा फिरवला. तो न कुरकुरता फिरला.

ती मागे वळली नाही. "वर्षातून एकदा येऊन हे करत होतास?"

"गंज धरला असता," मधला म्हणाला.

"दारातलं कुलूप कसं उघडलंस?"

मधल्यानं आत्याकडे पाहिलं. आत्यानं छताकडे पाहिलं.

"तू दोन्हीकडून होतीस, आत्या," धाकटी म्हणाली.

"मी घराकडून होते," आत्या म्हणाली, आणि तिला खुर्ची आत आणून द्यावी लागली.

बाई एकेक खोली बघून आल्या. जिना तपासला, भिंतीची ओल पाहिली, मधल्याच्या मुलीकडून नकाशा समजून घेतला. ती सांगत होती आणि मधला मागे उभा राहून, आपलं लक्ष नाही असं दाखवत, शब्द न् शब्द ऐकत होता. मग बाईंनी रस्त्यावर जाऊन उघड्या दाराचा फोटो काढला. चौघं दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्या म्हणाल्या, "माणसं नकोत, दार दिसलं पाहिजे." चौघं बाजूला झाली, पण फार नाही, आणि फोटोत आत्याच्या खुर्चीचा एक पाय आलाच.

परत येऊन त्यांनी बाकावर फाईल टेकवली. रकाना सातमध्ये धाकटीच्या 'होय'शेजारी त्यांनी खूण केली आणि सही केली.

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. "दिवसभर दार उघडं राहील, ते लिहिलंय तुम्ही. बंद करताना कुलूप कुणाचं लागणार? एकच लागेल."

धाकटीनं ताईकडे पाहिलं. हे दार ताईचंच होतं, सगळा बाजार हेच म्हणाला असता.

"ह्याचं," ताई म्हणाली. तिनं मधल्याच्या हातातलं कुलूप घेतलं आणि बाईंसमोर बाकावर ठेवलं. नवा ठसा वरच्या बाजूला येईल असं ठेवलं. "लिहून घ्या. ह्या कुलपानं मला सहा वर्षं दाराबाहेर ठेवलंय. ह्याच्याहून चांगलं ह्या बाजारात नाही, आणि हा माझा भाऊ आहे."

बाईंनी लिहून घेतलं.

मधला खिडकीजवळच्या बाकाशी गेला, वाइसवरचं कापड काढून घडी करून बाजूला ठेवलं. फळीवरच्या डब्यात कोऱ्या किल्ल्या होत्या, त्यातली आपल्या कुलपाला बसेल अशी एक त्यानं निवडली, वाइसमध्ये आवळली आणि भिंतीवरची बाबांची कानस काढली. मग तो त्या बाकावर बसला. कुणी बस म्हटलं नाही, आणि कुणी म्हणायची गरजही नव्हती. आत्यानं कानशीचा आवाज ऐकला आणि सवयीनं भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या.

किल्ली झाली तशी त्यानं ती पुसली आणि ताईच्या हातात दिली. तिनं मागितली नव्हती.

"नऊ मिनिटं," आत्या म्हणाली.